ऊर्जेचा दोरा: नववी-दहावीच्या जीवशास्त्र भिंतीच्या प्रकल्प नोंदी

४ जून

प्रयोगशाळेची उत्तरेकडची भिंत चुना मारून मोकळी करून घेतली. यंदा नववी आणि दहावी मिळून या भिंतीवर जीवशास्त्राचे शब्द चढवायचे आहेत. आमची शाळा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी रस्त्याच्या बाजूची, मराठी माध्यमाची. मुलं दहावीपर्यंत पेशी, श्वसन, परिसंस्था म्हणत येतात आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेतलं की पहिल्या तासापासून सगळं इंग्रजीत. तिथं अडखळतात ती बहुतेक भाषेमुळं नाही. शब्दामागची वस्तू कधी बघितलेली नसते, मग तो शब्द कुठल्याही भाषेत पोकळच राहतो.

म्हणून एकच नियम ठेवला: वस्तू किंवा घटना स्वतः पाहिल्याशिवाय तिचं कार्ड भिंतीवर चढणार नाही. कार्डावर वर मोठ्या अक्षरात मराठी, खाली इंग्रजी आणि कन्नड शब्द. कन्नडचं काम कन्नडच्या टीचरनी आनंदानं अंगावर घेतलं.

दुसरी गोष्ट माझ्या डोक्यातली. पुस्तकात पेशी नववीत येते, जीवनप्रक्रिया आणि परिसंस्था दहावीत. एवढ्या अंतरामुळं मुलांच्या मनात ती दोन वेगळी गावं होऊन बसतात, मध्ये एसटी नसलेली. भिंतीवर ती जोडायची. त्यासाठी दोन दोरे आणलेत: ऊर्जेसाठी पिवळी सुतळी, द्रव्यासाठी काथ्याची दोरी. कुठला दोरा कुठून कुठं जातो हे मुलांनी ठरवायचं.

१३ जून

बाजारातून अन्नसाखळीचा एक छापील तक्ता आणला. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. चित्रं झकास, पण बाण बघा: बेडकाकडून नाकतोड्याकडं, सापाकडून बेडकाकडं. 'कोण कुणाला खातो' अशा अर्थानं काढलेत. मुलांनाही तेच बरोबर वाटलं. एकजण म्हणाला, "सर, बेडूकच झडप घालतोय की, मग बाण त्याच्याकडनंच निघणार."

मुद्दा तसा बिनतोड आहे. पण अन्नसाखळीतला बाण झडप दाखवत नाही, अन्नातली ऊर्जा कुठं गेली ते दाखवतो. नाकतोडा बेडकाच्या पोटात गेला, म्हणून बाण नाकतोड्याकडून बेडकाकडं. दहावीला यावर हमखास मार्क जातात.

तक्त्यात आणखी एक भानगड आहे. घारीकडून जिवाणूंकडं, जिवाणूंकडून परत गवताकडं बाण, असं अख्खं कडं करून वर ठळक अक्षरात लिहिलंय 'ऊर्जाचक्र'. हे मी आज मुद्दाम सांगितलं नाही. तक्ता दाराशेजारी टांगून ठेवलाय. बघू कोण पकडतंय.

२८ जून

पाऊस लागून राहिलाय. प्रयोगशाळेत लाईट नाही, आणि आमचे मायक्रोस्कोप आरशाचे, म्हणजे उजेड हवाच. मोबाईलची बॅटरी आरशासमोर धरून भागवलं, आणि खरं सांगायचं तर ढगाळ आभाळापेक्षा ते बरं पडलं.

कांदा. जाड पाकळी मोडली की आतल्या, खोलगट बाजूनं पातळ पापुद्रा सुटतो. तो चिमट्यानं ओढायचा आणि लगेच पाण्यात सोडायचा, नाहीतर त्याची गुंडाळी होते. स्लाइडवर पसरायचा, आयोडीनचा थेंब टाकायचा, कव्हर स्लिप सुईवर तिरकी टेकवून सावकाश खाली आणायची. घाई केली की हवा अडकते. मग नवशिक्याला पहिल्यांदा जी 'पेशी' दिसते ती हवेचा बुडबुडा असते: काळी जाड कड, एकदम गोल, आत काहीच नाही. आज दोन गटांनी अशा बुडबुड्यांची सुंदर चित्रं वहीत काढली. खोडायला लावली नाहीत, खाली 'हवा' असं लिहायला लावलं. पुढच्या वर्षीच्या पोरांना दाखवायला उपयोगी.

नीट लागलेली स्लाइड बघितल्यावर वर्ग गप्प झाला, हे आमच्याकडं क्वचित घडतं. एकाला एक चिकटलेल्या लांबट पेशी, प्रत्येकीच्या कडेला आयोडीननं पिवळसर झालेलं केंद्रक. एक पेशी सुमारे पाव मिलिमीटर लांब, म्हणजे मोजपट्टीवरच्या दोन बारीक रेघांमध्ये चारेक बसतील. रॉबर्ट हूकनं १६६५ मध्ये बुचाच्या चकतीत जे बघितलं ते मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती होत्या. केंद्रकाला नाव मिळालं १८३१ मध्ये, रॉबर्ट ब्राऊनकडून. आमच्या पोरांना दोन्ही एकाच तासात.

खरा प्रश्न मागच्या बाकावरून आला. "सर, झाडाची पेशी म्हंतासा, मग हिरवं कुठं हाय?"

नाहीच. कांदा जमिनीतलं साठवणीचं कोठार, त्याला ऊन दिसतच नाही. त्याच्या पेशीत हरितलवकं, म्हणजे उन्हातून अन्न बनवणारे हिरवे कण, नाहीत, म्हणून तो स्वतः काही तयार करत नाही. वरच्या पातीनं केलेलं खाली येऊन साठतं. शिवाय ते पिष्टाच्या रूपात नसतं, शर्करेच्या रूपात असतं, म्हणून बटाट्यासारखा कांदा आयोडीननं निळा-काळा होत नाही. म्हणजे 'वनस्पती उत्पादक असतात' हे वाक्य पुरेसं नाही. वनस्पतीतल्या कुठल्या पेशी, हे विचारायला हवं. प्रश्न वेगळ्या कागदावर लिहून भिंतीवर लावला. उत्तराचं कार्ड अजून नाही.

आज चढलेली कार्डं: पेशी, पेशीभित्तिका, केंद्रक, पेशीद्रव्य.

१० जुलै

गालाच्या आतल्या पेशी. ज्याची त्यानं टूथपिक, वापरली की जंतुनाशकाच्या डब्यात. मेथिलिन ब्लूनं केंद्रक छान निळं उठून दिसतं. भित्तिका नाही, त्यामुळं कडा वेड्यावाकड्या, काही पेशी दुमडलेल्या.

पेशीपटलावरून वाद पेटला. एका गटाचं म्हणणं, कड दिसली म्हणजे पटल दिसलं. दुसरा गट म्हणतो, दिसली ती पेशीची हद्द. दुसऱ्या गटाचं बरोबर. पटलाची जाडी साधारण ७ ते ८ नॅनोमीटर, आणि आमच्या ४५० पटीच्या मायक्रोस्कोपमधून तेवढं वेगळं दिसणं शक्यच नाही. मग नियमात पोटनियम घातला: शाळेच्या मायक्रोस्कोपला न दिसणारं, पण ज्याचं काम आपण पकडू शकतो, त्याचं कार्ड तुटक रेघेच्या चौकटीत लावायचं. पेशीपटल हे तुटक चौकटीतलं पहिलं कार्ड. बेदाणा पाण्यात फुगवून आणि मिठाच्या पाण्यात आकसवून परासरण (पटलातून पाण्याची ये-जा) दाखवलं, तेवढ्यावर ते चढलं.

१८ जुलै

पावसामुळं शाळांना सुट्टी. मलप्रभेला पाणी चढलंय, ओढ्यावरून पलीकडच्या वाड्यांची पोरं येऊच शकत नाहीत.

२७ जुलै

शाळेच्या मागच्या शिवारात रोप लागवड उरकली. दहावीतल्या एका मुलीच्या घरचा वाफा तिच्या वडिलांनी आम्हाला वापरू दिला. बांधाला लागून एक मीटर लांब-रुंद चौकोन, चार बांबूच्या खुंट्या, भोवती सुतळी. आत जे जे असेल ते लिहायचं: सजीव एका बाजूला, निर्जीव दुसऱ्या बाजूला.

सजीवांत भाताची रोपं, पाण्यावरचं शेवाळ, तुडतुडे, कोळी, चतुर, गोगलगायी, बेडकाची पिल्लं, खेकड्याचं बीळ (खेकडा घरात नव्हता). बगळा चौकोनाबाहेर उभा होता. त्याला धरायचं की नाही यावर पाच मिनिटं गेली. निर्जीव बाजूला पाणी, माती, ऊन, वारा, युरिया.

शेणखतावर अडलं. "ते मेलंय की" असं एकाचं म्हणणं. "मग त्यात किडं कशाला होतात?" दुसऱ्याचं. शेणखतात गवताचे न पचलेले तंतू आहेत आणि कोट्यवधी जिवाणूही आहेत. त्यामुळं ते दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिलं. मला हे उत्तर पुस्तकातल्या नीटनेटक्या तक्त्यापेक्षा आवडलं. पॉवर टिलरच्या डिझेलचंही नाव कुणीतरी काढलं. ते कुजलेल्या जुन्या सागरी जीवांपासून झालेलं, म्हणजे त्यातही कधीकाळचं ऊनच, एवढं सांगून पुढं गेलो. मानवनिर्मित परिसंस्था म्हणजे काय, हे मात्र त्या टिलरमुळं आपोआप कळलं: कोणीतरी चिखल केला, रोप लावलं, तण काढलं, म्हणून हा वाफा असा आहे. वाफेवाल्या मुलीनं भक्षकांच्या यादीत 'आई' असं लिहिलं. भात खाते ना. बरोबर आहे.

मग प्रश्न: परिसंस्थेची हद्द म्हणजे ही सुतळी का? पाणी तर सुतळीखालून वाहत होतं. वरच्या वाफ्यातून आलं, खालच्या वाफ्यात, ओढ्यात, मलप्रभेत. मलप्रभा आपल्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागरात जाते. म्हादईही खानापूर तालुक्यातच उगम पावते, पण ती पश्चिमेला, गोव्यातून अरबी समुद्रात. एकाच तालुक्यातला पाऊस दोन समुद्रांत. तेव्हा हद्द निसर्ग आखत नाही, अभ्यासणारा आखतो. चौकोन ही परिसंस्था, वाफा ही परिसंस्था, अख्खं मलप्रभेचं खोरं हीसुद्धा. कशाचा हिशोब मांडायचा आहे त्यावर सुतळी कुठं बांधायची ते ठरतं.

'परिसंस्था' कार्ड चढलं. खाली हा शब्द आणणाऱ्याचं नाव आणि साल: टॅन्सली, १९३५. हूकच्या कार्डाशेजारी बसलेल्या एकीनं वजाबाकी केली: पेशी ते परिसंस्था २७० वर्षं. म्हणाली, "एवढा उशीर का लागला?" उत्तर मी दिलं नाही. तिलाच शोधू दे.

८ ऑगस्ट

कांद्याच्या प्रश्नाचं उत्तर आज तळ्यातून आलं.

हायड्रिला. गावच्या तळ्यात भरमसाट. शेंड्याजवळचं एक कोवळं पान, पाण्याचा थेंब, कव्हर स्लिप. डाग वगैरे काही लागत नाही. पान दोनच पेशी जाड असतं, त्यामुळं उजेड आरपार जातो. आधी लहान भिंगाखाली हिरव्या ठिपक्यांनी भरलेल्या पेशी दिसतात. मोठ्या भिंगाखाली पानाच्या मधल्या शिरेजवळ नजर न्यायची आणि थांबायचं. थांबणं महत्त्वाचं, पहिल्या मिनिटात काही होत नाही. दिव्याच्या उबेनं जरा वेळानं ठिपके हलू लागतात, पेशीच्या भिंतीच्या कडेकडेनं, एकामागोमाग, कोपऱ्यावर वळून परत दुसऱ्या बाजूनं.

"सर! पळूलालेत ओ!"

मग बाकं सरकली, रांग मोडली, कन्नडच्या टीचरही आल्या. प्रत्येकाला एकदा बघायचं आणि मग परत एकदा. काही पेशींत ठिपके जागच्या जागी, शेजारच्या पेशीत जोरात. एक ठिपका वळणावर अडकला, मागचे त्याला ढकलून गेले. मधोमध मोठी मोकळी जागा दिसते ती रिक्तिका. ती पेशीद्रव्याला कडेला दाबून ठेवते, म्हणूनच ही वाहतूक कडेनं चालते.

हे ठिपके म्हणजे हरितलवकं, एकेक जेमतेम ५ मायक्रोमीटरच्या आसपास. ती स्वतः पोहत नाहीत. पेशीद्रव्य वाहतं आणि त्यांना सोबत नेतं. आणि वाहायला ऊर्जा लागते. ही ऊर्जा कुठून, असं विचारल्यावर सगळे म्हणाले "सूर्यापासून". थेट का? कुणी काही बोललं नाही. पिवळी सुतळी आज सूर्याच्या चित्रापासून हरितलवकाच्या कार्डापर्यंत ताणली आणि तिथंच लोंबती सोडली.

१३ ऑगस्ट

ऊन पडलं. धावपळ करून बुडबुड्यांचा प्रयोग लावला: काचेच्या भांड्यात हायड्रिला, वर उलटं नरसाळं, त्यावर पाण्यानं भरलेली परीक्षानळी. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा, कार्बन डायऑक्साइडसाठी. खिडकीत ठेवल्यावर बुडबुडे सुटू लागले. ढग आला की मंदावले, ऊन आलं की वेग वाढला. आमच्याकडच्या ऑगस्टमध्ये ढगांची कमी नाही, त्यामुळं हा प्रयोग इथं जेवढा बोलका होतो तेवढा सपाट उन्हात होणार नाही. नळीत वायू साठायला सुट्टीपर्यंत थांबावं लागलं. निखारा असलेली काडी आत धरली, ती फुलली. (नळीत निव्वळ ऑक्सिजन नसतो, पण काडी फुलवण्याइतका असतो.)

प्रकाशसंश्लेषण: कार्बन डायऑक्साइडचे ६ रेणू, पाण्याचे ६, ग्लुकोजचा १, ऑक्सिजनचे ६. हिशोब वहीत. कार्ड भिंतीवर. 'उत्पादक' हे कार्ड भाताच्या रोपावर न लावता हरितलवकाच्या शेजारी लावायचं ठरलं. हा निर्णय मुलांचा, मी फक्त मान डोलावली.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन, म्हणून तास दहावीची मुलगी घेणार. तिनं विषय निवडला श्वसन. पहिलं वाक्य: "श्वसन म्हणजे नाकानं हवा घेणं नव्हे." मूग कुठल्या नाकानं श्वास घेतो, असं तिनं वर्गाला विचारलं.

दोन थर्मास. एकात मोड आलेले मूग, दुसऱ्यात तेवढेच पण उकडून गार केलेले. दोन्हींच्या तोंडाला कापसाचा बोळा, त्यातून थर्मामीटर आत. थर्मास उलटे करून ठेवले, कारण कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो खाली उतरावा आणि मूग गुदमरू नयेत. हे बारकावे तिला कुठून कळले कोण जाणे.

६ सप्टेंबर

मोडांच्या थर्मासचं तापमान खोलीपेक्षा चांगलंच वर. उकडलेल्यांचं खोलीइतकंच. वनस्पती प्रकाशसंश्लेषण करतात आणि प्राणी श्वसन करतात, हा समज इतका घट्ट असतो की नववीच्या निम्म्या वर्गाला थर्मामीटरवर विश्वास ठेवायला वेळ लागला. श्वसन सगळेच करतात. वनस्पतीही, रात्री आणि दिवसाही.

एका मुलानं समीकरण बघून हेरलं की हे 'तेच उलटं' आहे. ग्लुकोज आणि ऑक्सिजन घेऊन पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. कागदावर खरं आहे. पण पायऱ्या वेगळ्या, जागा वेगळी, आणि मुख्य म्हणजे आत गेला तो प्रकाश, बाहेर आली ती उष्णता. ती उष्णता परत प्रकाश होऊन पानात जाणार नाही. मी त्याला म्हटलं, दाराशेजारच्या तक्त्याकडं एकदा बघून ये.

बघून आला. काही बोलला नाही, पण वहीत काहीतरी लिहीत होता.

९ सप्टेंबर

उकडलेल्या मुगात जंतुनाशक टाकायचं असतं. मी मुलीला ते टाळायला सांगितलं होतं आणि थर्मास शनिवार-रविवार तसाच ठेवला. आज तोही तापलेला. कापूस काढल्यावर वासानं पहिली दोन बाकं रिकामी झाली. मूग मेले होते, मग तापवलं कुणी?

उत्तर शेणखतवाल्या मुलानंच दिलं. 'विघटक' हे कार्ड नाक दाबून चढवलं. विघटक 'साफसफाई करतात' असं मुलं लिहितात. साफसफाई हा आपल्या सोयीचा अर्थ झाला. जिवाणू मुगातल्या ऊर्जेवर जगतात, श्वसन करतात, तापतात. त्यांचंही पोटाचंच चाललेलं असतं.

२० सप्टेंबर

तंतुकणिका, म्हणजे पेशीतलं श्वसन जिथं चालतं ते बारीक भाग. शाळेच्या मायक्रोस्कोपला दिसत नाहीत, म्हणून तुटक चौकट. पुरावा: तापलेला थर्मास. पिवळी सुतळी हरितलवकावरून ग्लुकोजवर, तिथून तंतुकणिकेवर. ८ ऑगस्टच्या 'थेट का?' याचं उत्तर हेच. दिवसाउजेडीसुद्धा हायड्रिलाच्या पेशीतली बरीच कामं तंतुकणिकांत तयार झालेल्या एटीपीवर, म्हणजे पेशीला लगेच खर्चता येणारी ऊर्जा वाहणाऱ्या रेणूंवर, चालतात. हरितलवक मुख्यतः साखर बनवतं, तंतुकणिका त्या साखरेचे सुट्टे पैसे करून देते. तिला स्वतःचा डीएनए आणि रायबोझोम असतात, हे ऐकून मुलं चकित झाली, पण आत्ता त्यात शिरलो नाही.

एका ग्लुकोजपासून किती एटीपी यावर गाईडं ३८ सांगतात. पटलांतून होणारी गळती आणि ने-आणीचा खर्च धरून आताचे हिशोब ३० ते ३२ च्या आसपास येतात. मुलांना सांगितलं, परीक्षेत पुस्तकात असेल तो आकडा लिहा, पीयूसीला गेल्यावर दुसरा भेटला तर घाबरू नका.

२८ सप्टेंबर

दसऱ्याच्या सुट्टीआधीचा शेवटचा मोठा तास. घरून आणलेल्या जुन्या भाताचे हजार दाणे वर्गाच्या फरशीवर. मोजायलाच अर्धा तास गेला, पण घाई केली नाही. हजार दाणे म्हणजे वाफ्यातल्या रोपांत साठलेली ऊर्जा. त्यातले १०० उचलून नाकतोड्याच्या चौकोनात, १० बेडकाच्या, १ धामणीच्या. घारीच्या चौकोनात दाण्याचा दहावा भाग ठेवायचा होता. तिथं एकानं नखानं तुकडा तोडून ठेवला.

हा दहा टक्क्यांचा नियम. रेमंड लिंडमननं १९४२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या एका तळ्याच्या अभ्यासातून ऊर्जेचा असा हिशोब मांडला. दहा हा ठोकताळा आहे, प्रत्यक्षात कमीजास्त होतं. आणि हजार दाण्यांच्याही आधी एक मोठी गळती आहे: पानांवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशातला सुमारे १ टक्काच वनस्पती अन्नात पकडतात.

मग मधले नव्वद टक्के कुठं गेले? ही गंमत आज जमली, कारण थर्मास सगळ्यांनी हात लावून पाहिले होते. काही खाल्लंच गेलं नाही, काही शेणात गेलं, आणि बराच मोठा वाटा श्वसनातून उष्णता होऊन उडाला. ही गळती परिसंस्थेच्या पिरॅमिडमध्ये होत असली तरी ती घडते प्रत्येक पेशीत. मला या भिंतीवर एवढंच दाखवायचं होतं, आणि ते मी बोलायच्या आधी थर्मासवाली मुलगी बोलली.

पश्चिमेकडच्या वाडीतला एक मुलगा गव्यांवर आला. रात्री गवे भातात घुसतात, घरचे जागलीला जातात. गवा प्राथमिक भक्षक, थेट भात खातो, म्हणून गव्यांचे कळप असू शकतात. वाघ त्यांच्या वरच्या पातळीवर. आपल्याच तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. एवढ्या जंगलात गवे भरपूर आणि वाघ मोजकेच का, हे फरशीवरच्या त्या शेवटच्या दाण्याकडं बोट दाखवून त्यानंच समजावलं. जागलीचं काय करायचं हे मात्र दाण्यांत सापडत नाही.

शेवटी पिवळी सुतळी. तंतुकणिकेवरून पुढं कुठं न्यायची? परत सूर्याकडं न्यायला कुणी तयार नव्हतं. तिचं टोक खिडकीच्या गजातून बाहेर सोडलं. समीकरणवाल्या मुलानं कात्री मागून घेतली आणि तक्त्यावरचं 'ऊर्जाचक्र' जिवाणू आणि गवत यांच्या मधोमध कापलं.

१४ नोव्हेंबर

सुट्टीनंतर सुगी. निम्मा वर्ग मळणीला. हजेरीवर चिडून उपयोग नाही. वाफेवाल्या मुलीला नवं पिंजर (भाताचा पेंढा) आणायला सांगितलं. त्याचे तुकडे उकळून गार केले, त्यात तळ्याचं थोडं पाणी घातलं. बरणी कपाटात, तोंडाला फडकं.

२२ नोव्हेंबर

बरणीवर पांढरट साय आणि कुबट वास. उजेडासमोर धरली तर अगदी बारीक पांढरे कण सरकताना नुसत्या डोळ्यांनी दिसतात. थेंब स्लाइडवर, त्यात कापसाचे दोन-चार तंतू, म्हणजे ते अडकून जरा थांबतात.

पॅरामेशियम. चपलेच्या तळव्याच्या आकाराचं, स्वतःभोवती फिरत पुढं जाणारं, तंतूला धडकलं की मागं येऊन दिशा बदलणारं. एकच पेशी, एक मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी. एकाच्या अंगात दोन टोकांना दोन गोल पोकळ्या फुगत होत्या आणि गच्चकन मिटत होत्या. या संकोची रिक्तिका, आत शिरणारं जादा पाणी बाहेर फेकतात. बेदाण्याची आठवण आपोआप झाली. मुलं त्या फुगण्या-मिटण्याला 'एक, दोन' म्हणत बसली.

मग यादी. पिंजरावर जिवाणू जगतात, जिवाणूंना पॅरामेशियम खातं. बरणीत अन्नसाखळी आहे, आणि तिच्यातला भक्षक एक पेशी आहे. भिंतीच्या डाव्या टोकाला पेशी, उजव्या टोकाला परिसंस्था अशी आम्ही जागा वाटून दिली होती. पॅरामेशियमचं कार्ड कुठं लावायचं यावर वर्ग अडला. शेवटी मधोमध लागलं.

बरणी अंधाऱ्या कपाटात होती. उत्पादक कुठला? दहावीतला एक, जो एरवी तासाला तोंड उघडत नाही, म्हणाला, "पिंजर की सर. हे पावसाळ्यातलं ऊन खाऊलालेत." त्याला काही बक्षीस द्यायला हवं होतं, खिशात काही नव्हतं.

काथ्याची दोरी आता सुटी झाली. पिंजरातला कार्बन, जिवाणूंच्या श्वसनातून कार्बन डायऑक्साइड, हवा, पुढच्या जूनमध्ये पुन्हा भाताचं पान. ही दोरी मात्र गाठ मारून कडं करता येते. पिवळी खिडकीबाहेर, काथ्याची गोल. शिपाईमामांनी खिडकी लावता येत नाही म्हणून तक्रार केली, त्यांना दार बंद करायला सांगितलं.

९ डिसेंबर

म्हशींना घालायला अझोला (पाण्यावर तरंगणारं बारीक नेचं) वाढवणाऱ्या एका घरून मूठभर अझोला आला. पान स्लाइडवर सुईनं चुरडून बघितलं: त्यातून मण्यांच्या माळा बाहेर पडतात, मध्येच एखादा मणी मोठा आणि फिकट. हे अ‍ॅनाबिना, नीलहरित जिवाणू, अझोलाच्या पानातल्या पोकळीत राहणारे. त्या मोठ्या मण्यांत हवेतला नायट्रोजन वापरण्याजोगा होतो. माळेत हिरवटपणा आहे, पण मण्यात केंद्रक शोधायचं नाही, कारण नसतंच. 'आदिकेंद्रकी' हे कार्ड आज पक्क्या चौकटीत चढलं. बाकी जिवाणूंसारखे ते ठिपक्याएवढे बारीक नाहीत, त्यामुळं आमच्या मायक्रोस्कोपलाही झेपले.

एकीचं म्हणणं, भित्तिका आहे, हिरवं आहे, मग ही वनस्पती का नाही? केंद्रक नाही आणि हरितलवकही नाही. हिरवं द्रव्य पेशीतल्या पटलांवर थेट पसरलेलं असतं. तिला हे पटलं, पण 'उत्पादक' कार्डाला आता हरितलवकाशेजारून काढावं लागेल, असं तिनं लगेच दाखवून दिलं. बरोबर आहे. ते कार्ड कुठं हलवायचं यावर सोमवारी मतदान.

नायट्रोजनसाठी भिंतीवर जागा उरलेली नाही. मुख्याध्यापकांनी कपाटाची दोन्ही दारं वापरायला परवानगी दिली. काथ्याची दोरी संपली आहे, बाजाराच्या दिवशी आणायची. कव्हर स्लिपचा डबा, मेथिलिन ब्लू आणि थर्मासची एक काच, कारण वास गेला तरी कालच्या धुण्यात ती फुटली.